लसीला चिठ्ठी लागते का? खान्देशात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

एप्रिलमधली दुपार होती. त्या वेळी आमच्या चोपड्याच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी मेडिकलच्या काउंटरमागे बसलो होतो. केळीच्या बागेत कामाला आलेलं एक पावरा आदिवासी जोडपं दुकानाच्या पायरीशी येऊन थांबलं. बाईच्या अंगाशी फडक्यात बांधलेली चार महिन्यांची पोर. बापाने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. क्षयरोगावरची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस (जन्माचे थेंब), काविळीवरची हिपॅटायटिस बी, या जन्माच्या तिन्ही लसींपुढे तारखा होत्या. त्याखालचे सगळे रकाने कोरे. ‘डोसची चिठ्ठी इथं भेटेल का?’ त्याने विचारलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बाळाला डोस मिळत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरकडे जायचं तर दिवसाची मजुरी बुडणार, वर फी. म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत अडीच महिने गेले.

त्या पोरीला चिठ्ठी लागणारच नव्हती. चिठ्ठी बघून औषध देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ती कुठे लागत नाही हे लोकांना सांगणंही मला तितकंच गरजेचं वाटतं. चिठ्ठीच्या नुसत्या धास्तीने बाळाचे डोस चुकताना मी अनेकदा पाहिलंय. सातपुड्यातून रावेर-यावलला कामाला येणारी कुटुंबं, सुरतहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी, बदली होऊन धुळ्या-जळगावला आलेले नोकरदार, पहिलंच बाळ असलेली घरं, या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आधी एवढं ठरवा: लस सरकारी की खासगी

लसीचे दोन दरवाजे आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातली लस फुकट असते. हा कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, महापालिकेचा दवाखाना, नाहीतर गावातली अंगणवाडी, जिथे लसीकरणाचं सत्र असेल तिथे ती मिळते. तिला चिठ्ठी लागत नाही. कोणत्या वयाला कोणती लस द्यायची हे वेळापत्रक देशभरासाठी आधीच ठरलेलं आहे, त्यामुळे दर बाळाला डॉक्टरने वेगळं लिहून द्यायची गरज उरत नाही. सिस्टर कार्ड बघते, बाळाचं वय विचारते, आज ताप वगैरे आहे का पाहते आणि लस देते.

खासगी दवाखान्यातून किंवा मेडिकलमधून घ्यायची लस विकत असते. तिथे डॉक्टरचा सल्ला आणि चिठ्ठी दोन्ही आले.

घरात पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: आपल्याला हवी ती लस सरकारी वेळापत्रकात आहे का? असेल तर मेडिकलकडे वळायचं कारण नाही.

सरकारी वेळापत्रक

आपल्याकडे आया वयानेच डोस ओळखतात: जन्माचा, दीड महिन्याचा, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा, नऊ महिन्यांचा, दीड वर्षाचा. हीच भाषा लक्षात ठेवली तरी पुरे.

जन्माला बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी. यातली हिपॅटायटिस बी २४ तासांच्या आत द्यायची असते, म्हणून बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिथून निघण्याआधी ‘ही दिली का?’ असं विचाराच. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटाव्हायरस लस. पेंटाच्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) या पाच आजारांवरची लस असते. दीड आणि साडेतीन महिन्यांना याच्या जोडीला न्यूमोनियाची पीसीव्ही आणि पोलिओचं इंजेक्शनही असतं. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर. मग पाच-सहा वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर. दहा आणि सोळा वर्षांना टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. ही बहुतेक घरं विसरतात, कारण तोवर कार्ड कुठल्यातरी ट्रंकेच्या तळाशी गेलेलं असतं. गरोदर बाईलाही टीडी फुकटच मिळते: दिवस गेल्याचं कळल्यावर लवकरात लवकर पहिली, त्यानंतर चार आठवड्यांनी दुसरी.

एकाच दिवशी बाळाला तीन-तीन सुया टोचतात म्हणून आज्या घाबरतात आणि ‘एक आज, बाकीच्या पुढच्या खेपेला’ म्हणतात. तसं करू नका. त्या एकाच दिवशी द्यायच्या म्हणूनच ठरवलेल्या आहेत, आणि जी पुढे ढकलली तीच बहुतेक वेळा राहून जाते.

सत्राला जाताना

गावात आशाताई कोण, हे अंगणवाडीत विचारा. शहरात नवीन असाल तर जवळचा महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा दवाखाना गाठा. प्रत्येक गावाचा सत्राचा वार ठरलेला असतो आणि तो आशाताईला पाठ असतो. तालुक्याच्या रुग्णालयात जाणार असाल तर लसीकरण कोणत्या वारी असतं हे आधी विचारून घ्या, म्हणजे फुकटची फेरी पडत नाही.

सोबत न्यायचं ते माता व बाल संरक्षण कार्ड. आमच्याकडे सत्राच्या दारातच आशाताई अहिराणीत विचारते, ‘कार्ड शे ना, माय?’ तेच एक कार्ड तुमची चिठ्ठी, केसपेपर आणि दाखला, सगळं आहे. सुरतेत जन्मलेल्या बाळाचं गुजराती ममता कार्ड इथे चालतं. मध्य प्रदेशातलं कार्डही चालतं. लसींची नावं सगळीकडे तीच, तारखा वाचता आल्या की झालं. रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्याचं आहे, घर भाड्याचं आहे, आपण इथे चारच महिने राहणार आहोत, यातल्या कशाहीमुळे बाळाची लस अडत नाही. आधार नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर शांतपणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद करायला मोबाईल नंबर आणि ओळखपत्र विचारतात. नोंद जरूर करून घ्या, कारण मग गाव बदललं तरी डोसची माहिती मागोमाग येते.

कार्ड हरवलं असेल तर बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का ते बघा आणि जन्म जिथे झाला तिथल्या सिस्टरला फोन करून नोंदवहीतल्या तारखा मागा. नवं कार्ड हातात पडलं की त्याच दिवशी दोन्ही पानांचा फोटो काढून नवरा-बायको दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. फोटोवरून कितीतरी बाळांचा हिशेब लागलेला मी बघितलाय.

लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. क्वचित एखाद्या बाळाला लगेच त्रास होतो आणि तो झालाच तर सिस्टर जवळ हवी. निघण्याआधी तिने तुम्हाला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कोणती लस दिली, घरी काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. तिच्या गडबडीत राहिलं तर तुम्ही विचारा. पेंटानंतर अंग तापतं, मांडीला थोडी सूज येते. त्यासाठीचं पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं, म्हणून तेही तिथेच विचारून घ्या. मांडी चोळायची नाही, हळद-चुना लावायचा नाही.

उशीर झाला असेल तर

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण नव्याने आलेल्यांचं घोडं बहुतेक इथेच अडतं. तारीख चुकली की आईबापांना रागावण्याची भीती वाटते, मग ते जातच नाहीत.

राहिलेली लस पुढे चालू करता येते, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दोन डोस झालेत आणि तिसरा सहा महिने राहिलाय, तर फक्त तिसरा द्यायचा. बीसीजी एक वर्षाच्या आत कधीही देता येते. पेंटा आणि रोटाचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा. पेंटा तोवर सुरूच झाली नसेल तर पुढे डीपीटी देतात. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत देता येतात. डोस चुकलेल्या मुलांसाठीच डिसेंबर २०१४ मध्ये मिशन इंद्रधनुष सुरू झालं. म्हणजे उशिरा येणारी मुलं असतात हे सरकारनेही धरून चाललेलं आहे. तेव्हा मान खाली घालून जाऊ नका.

त्या पावरा जोडप्याच्या पोरीचंही असंच झालं. मी आशाताईला फोन लावला, दोन दिवसांनी शेजारच्या गावात सत्र होतं. तिथे पोरीला दीड महिन्याचे सगळे डोस मिळाले आणि महिन्याने पुढचे. एक पैसा लागला नाही.

ज्या घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे त्यांनी थोडं जास्त जागरूक राहायला हवं. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागात हा आजार बराच आहे. अशा मुलांना न्यूमोनियासारख्या आजारांच्या जंतूंचा धोका जास्त असतो, त्यामुळे पीसीव्हीचे डोस अजिबात चुकवू नका. दोन वर्षांनंतर न्यूमोनियाची आणखी एक वेगळी लस आणि बाकी काही लसी लागतात का, ते सिकलसेलचा रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारा.

खासगीतली लस आणि चिठ्ठीचे नियम

सरकारी वेळापत्रकाबाहेरच्याही काही लसी बालरोगतज्ज्ञ सुचवतात: टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए, फ्ल्यू, गालगुंडासह एमएमआर. मुलींसाठी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सर्वाव्हॅक या देशी लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर दोन डोस, पंधरानंतर तीन. विकत घेण्याआधी सरकारी मोहिमेत मिळतेय का, हे आशाताईला किंवा शाळेत विचारा. पैसे वाचतील.

पेंटाच्या तापाला घाबरून ‘बिनतापाची’ लस विकत घेणारेही बरेच आहेत. पैसे असतील आणि डॉक्टर म्हणाले तर घ्या. पण कर्ज काढून घेऊ नका. फुकटची लस हलकी असते हा समज चुकीचा आहे.

आता चिठ्ठी. औषधविक्री चालते ती औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालच्या १९४५ च्या नियमांवर. लस जैविक औषधांत मोडते आणि ती विकायला मेडिकलवाल्याला वेगळा परवाना घ्यावा लागतो. परवान्याचे कागद दुकानात दर्शनी लावलेले असतात. विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हायला हवी. खोक्यावर ‘आरएक्स’ ही खूण किंवा ‘नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विक्री’ अशा अर्थाची ओळ असेल तर चिठ्ठीशिवाय ती लस देणं हा आमच्या बाजूने गुन्हा आहे. ‘ओळखीचे आहात, देऊन टाका’ असा आग्रह तेव्हा करू नका.

चिठ्ठी हातात पडली की दवाखान्यातच वाचून घ्या. डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, लसीचं नाव, किती डोस आणि कसे, एवढं तिच्यावर असायलाच हवं. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही असतो. पत्ता बहुतेक वेळा राहिलेला असतो. तिथल्या तिथे लिहून घेतला तर पुन्हा हेलपाटा पडत नाही.

लोकांना माहीत नसलेला एक नियम आहे आणि लसीच्या बाबतीत तोच सगळ्यात जास्त नडतो. एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहिलेलं असावं लागतं. मोठ्या माणसाची हिपॅटायटिस बीची लस घ्या: पहिला डोस आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. पहिल्या चिठ्ठीवर ‘०, १ आणि ६ महिने, एकूण तीन डोस’ असं स्पष्ट लिहून घेतलं तर तीच चिठ्ठी तिन्ही वेळा चालते. दरवेळी आम्ही तिच्यावर दुकानाचं नाव आणि तारीख टाकतो. तसं लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या डोसला पुन्हा डॉक्टर, पुन्हा फी. म्हणून डॉक्टरांना विनंती करा, ‘साहेब, सगळे डोस याच्यावरच लिहून द्या.’

लिहिलेली लस नसेल तर तिच्या जागी ‘सेम’ म्हणून दुसरी देण्याचा अधिकार फार्मासिस्टला नाही. डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. डॉक्टरांनी फोनवर तपासून सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला तर तो मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांप्रमाणे ग्राह्य आहे. लांबच्या पाड्यावर राहणाऱ्यांना याचा उपयोग होतो. लस मात्र टोचायची डॉक्टरांकडे किंवा सिस्टरकडेच. परदेशात काही ठिकाणी औषधाच्या दुकानातच लस टोचतात. आपल्याकडे ती पद्धत नाही, तेव्हा मेडिकलच्या मागच्या खोलीत कुणी सुई मारून देत असेल तर उठून या.

बिल घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत हवी, आणि डॉक्टरांकडून हाच नंबर कार्डावर उतरवून घ्या. बाटलीवर ‘सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असेल आणि कुणी पैसे मागत असेल तर पैसे देऊ नका. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात किंवा आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

मेडिकलपासून दवाखान्यापर्यंत

खान्देशातलं ऊन तुम्हाला नवीन असेल तर हे नीट वाचा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि लस राहायला हवी २ ते ८ अंशांत. मोटरसायकलची डिकी तर नुसती भट्टी असते.

माझ्या भाच्यासाठी आम्ही एकदा दुसऱ्या गावच्या दुकानातून टायफॉइडची लस घेतली. दुकानदाराने साध्या पॉलिथिनच्या पिशवीत बर्फाचे खडे भरले आणि खोकं त्यातच खुपसून दिलं. बहिणीला वाटलं, छान गार आहे. तासाभराने डॉक्टरांनी खोकं उघडलं तर पुठ्ठ्याचा लगदा झालेला, आणि बर्फाला चिकटलेली सिरिंज हातात घेताच बोटं बधीर होत होती. त्यांनी ती लस वापरली नाही. उन्हाने लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठूनही ती बिघडते, हे फार थोड्यांना माहीत असतं. पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी, टायफॉइड, पीसीव्ही या लसी एकदा गोठल्या की गेल्या, पुन्हा साध्या तापमानाला आणून उपयोग होत नाही. पैसे गेलेच, त्याहून वाईट म्हणजे तशीच टोचली असती तर लस झाली या भरवशावर पोरगं उघडं राहिलं असतं.

सगळ्यात बरं म्हणजे जे डॉक्टर स्वतःच्या फ्रिजमध्ये लस ठेवतात त्यांच्याकडेच घ्यायची. विकत नेणं भागच असेल तर आधी डॉक्टरांची वेळ घ्या, लस अगदी शेवटी उचला आणि थेट दवाखान्यात जा, मध्ये बाजार नको. जाड थर्माकोलच्या डब्यात बर्फाची थंड पिशवी, तिच्यावर कापडाची किंवा कागदाची घडी, मग खोकं. बर्फ लसीला टेकता कामा नये. घरच्या फ्रिजमध्ये ‘उद्या नेऊ’ म्हणून ठेवू नका. गावाकडे रात्री वीज किती वेळ जाईल याचा नेम नाही, आणि दारातल्या कप्प्यात तापमान सतत वरखाली होतं.

कुत्रं चावलं तर

हा डोस वेळापत्रकातला नाही. तरीही लिहितो, कारण ‘आधी चिठ्ठी आणू’ म्हणून थांबणं इथे जिवावर बेततं. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, तेल, काहीही लावू नका. मग थेट सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मोफत आहे आणि बाहेरून चिठ्ठी न्यावी लागत नाही, केसपेपर तिथेच निघतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) नक्की विचारा. लहान केंद्रात ते नसलं तर तुम्हाला जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतील. तेव्हा पहिली लस तिथेच घेऊन लगेच पुढे निघा.

कातडीत देण्याच्या पद्धतीत डोस चार असतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, पहिला दिवस शून्य धरून. चारही तारखा केसपेपरवर लिहून घ्या. मधेच काम संपून गावी जावं लागलं तर तोच केसपेपर तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. उरलेले डोस तिथे मिळतात.